मेन पाडा आणि घड्याळ लावा: दरवाज्यावरच्या मेलेल्या दिव्यांबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा,
आणि राज्यातल्या सगळ्या महापालिकांचे आयुक्त, नगरपालिकांचे मुख्याधिकारी

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी नाटकाचा लाईटवाला. म्हणजे जाहिरातीत ज्यांचं नाव प्रकाशयोजना म्हणून येतं ते नाही, त्यांनी आखून दिलेलं रोज डिमरवर, म्हणजे स्टेजचे दिवे कमी-जास्त करायच्या बोर्डवर, बसून जो चालवतो तो. वीस-एकवीस वर्षं झाली, आठवड्याला चार-पाच प्रयोग, आज ठाणे, उद्या नाशिक, परवा सांगली, मध्येच गोव्याचा दौरा, टेम्पोत सेट आणि बसमध्ये आम्ही. त्यामुळे नाट्यगृहं मी प्रेक्षकाच्या बाजूनं कमी आणि मीटररूमच्या बाजूनं जास्त बघितलीत, पॅनल, विंगेतलं वायरिंग, बाल्कनीमागची ती खोली जिथे जुने स्पॉट आणि झाडू एकत्र ठेवलेले असतात, सगळं पाठ आहे. आज लिहायचंय ते दरवाज्यावरच्या दिव्यांबद्दल. एक्झिटची हिरवी पाटी आणि जिन्यात लावलेली ती दोन डोळ्यांची इमर्जन्सी लाईट.

काय म्हणायचंय ते आधीच सांगतो, कारण तुमच्याकडे पत्रं पहिल्या पानापुढे वाचली जातात की नाही मला शंका आहे. एकाच बनावटीचे, एकाच बॅचचे खराब दिवे गावोगावच्या सार्वजनिक इमारतींत लागलेत. एका गावात ते बंद पडले की दुसऱ्या गावाला कळत नाही. मोटारींच्या बाबतीत कंपनी जसा खराब माल परत बोलावते, रिकॉल करते, तसं या दिव्यांच्या बाबतीत होताना मला तरी कुठे दिसलेलं नाही. ते सुरू करा, एवढंच मागणं आहे. बाकीचं पत्र हे असं का म्हणतोय त्याबद्दल.

मागच्या पावसाळ्यात एका महापालिकेच्या नाट्यगृहात रविवारी दुपारचा प्रयोग होता. नाव लिहीत नाही, लिहिलं की सगळी बोंब त्या एका थिएटरची होते आणि बाकीचे सुटतात. घरगुती विनोदी नाटक, आजी-आजोबा भरपूर, बाल्कनी पण पाऊण भरलेली. दुसरा अंक सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील आणि सप्लाय गेला. आता नाटकात काळोख होणं हे रोजचंच, लोकांना वाटलं ब्लॅकआऊट आहे, दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. पण माझ्यासमोरचा बोर्डच मेलेला, आणि एसी बंद पडताना तो जो लांब उसासा येतो तो आला, तेव्हा मला कळलं की हा आपला काळोख नाही. डीजी, म्हणजे डिझेलचा जनरेटर, पंधरा-वीस सेकंदांत उचलायला पाहिजे होता, नाही उचलला. त्याची बॅटरी उतरलेली होती हे नंतर कळलं.

बूथमधून खाली बघितलं. आठ दरवाजे, आठ एक्झिटच्या पाट्या, त्यातल्या तीन पेटलेल्या. पाच काळ्या. त्या तिघींपैकी एक माझ्या डोळ्यांदेखत मंद होत होत विझली, मी सवयीनं घड्याळ बघत होतो (आमच्या धंद्यात सगळं सेकंदांवर चालतं), चार मिनिटंसुद्धा टिकली नाही. बाल्कनीच्या जिन्यातले दोन डोळे उघडलेच नाहीत. लोकांनी मोबाइल काढले, कुणी कुणाच्या तोंडावर उजेड मारतंय, कुणी शूटिंग करतंय, आणि एक आजी शेवटच्या दोन पायऱ्या एकच समजून उतरल्या. मनगट मोडलं. आग नव्हती, धूर नव्हता, ढकलाढकली पण नव्हती. नुसती लाईट गेली होती.

प्रयोग कसाबसा पुरा झाला. सामान टेम्पोत चढेपर्यंत मला वेळ होता म्हणून तिथल्या वायरमनला म्हटलं, मामा, स्टूल आणा, एक पाटी उतरवून बघूया. मामा ठेकेदाराकडचे, भला माणूस. म्हटलं हे शेवटचं चेक कधी केलं होतं? तर म्हणाले, "चेक काय करायचंय, हिरवा लागलेला असतो की रोज."

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, साहेब. पाटीच्या खालच्या कडेला मोहरीएवढा एक हिरवा इंडिकेटर असतो. सगळे, म्हणजे व्यवस्थापक, वायरमन, ऑडिटवाला, सगळे तो बघतात आणि पुढे जातात. पण या स्वस्तातल्या पाट्यांत तो इंडिकेटर एवढंच सांगतो की भिंतीतून सप्लाय येतोय. बॅटरी जिवंत आहे का मेलीय याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. बॅटरीची वायर मुळात जोडलेलीच नसली तरी तो हिरवागार असतो, मी बघितलंय.

तर चार स्क्रू काढले. आत बोटभर सर्किट आणि चपट्या पाकिटातल्या दोन लिथियम सेलचा पॅक. मीटर लावला तर एका सेलला अर्धा व्होल्टसुद्धा नाही. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी, हा सेल अडीच-तीन व्होल्टच्या खाली नेऊन तसाच ठेवला की संपला, मग तो चार्ज होतोय असं दिसतं पण धरून काही ठेवत नाही. दुसरी पाटी उघडली तर तिच्यातला पॅक पुरीसारखा टम्म फुगलेला. मामांनी हात मागे घेतला. मी म्हटलं बरोबर केलंत, टोचू नका त्याला, आगीतून बाहेरची वाट दाखवणारा दिवाच पेटायचा.

मग मामांना विचारलं, रात्री थिएटर बंद केल्यावर काय करता? म्हणाले, वॉचमन मेन स्विच पाडतो, बिल वाचतं, वरून तशी ऑर्डरच आहे. झालं. कोडं सुटलं. या पाट्यांना वेगळी लाईन दिलेली नव्हती, त्या बाकीच्या दिव्यांबरोबर मेनवरच. रात्री मेन पडला की पाटीला वाटतं लाईट गेली, ती इमानदारीत पेटते. रिकाम्या सभागृहात, रिकाम्या खुर्च्यांना रोज रात्री बाहेरचा रस्ता दाखवत बसते, पार सेल कोरडा होईपर्यंत. बरं, चांगल्या दिव्यात एक साधी सोय असते की सेल ठराविक व्होल्टच्या खाली जायला लागला की सर्किट स्वतःच तोडून टाकायचं. या पाटीत ती सोयच नव्हती. म्हणजे दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसलेल्या, बसवणाऱ्यानं लाईन चुकीची दिली आणि बनवणाऱ्यानं पाच-दहा रुपये वाचवले. मंगळवार ते शुक्रवार थिएटर बंद असेल तर चार दिवस सेल मेलेला पडून. असं सहा महिने. रविवारी दुपारी त्या आजींच्या वाट्याला काय येणार होतं?

इथपर्यंत असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं, व्यवस्थापकांना सांगून मोकळा झालो असतो. सांगितलंही. पण जाताना मागच्या स्टिकरचा फोटो काढला होता, मॉडेल, बॅच नंबर आणि आर पासून सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे मालाचा दर्जा ठरवणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोचा, रजिस्ट्रेशन नंबर. एलईडीच्या इमर्जन्सी दिव्यांना हे रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे हे मला पण तेव्हाच कळलं. बीआयएस केअर म्हणून सरकारी ॲप आहे, कुणीही फोनवर टाकू शकतो, त्यात तो नंबर टाकला तर तो दुसऱ्याच जातीच्या दिव्याचा निघाला. म्हणजे पावती भावाच्या नावावर आणि गाडी चालवतोय चुलता, असा प्रकार.

दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात, तीनशे किलोमीटर लांब, सेट लावताना वर बघितलं आणि ओळख पटली. तीच पाटी, तोच धावणारा हिरवा माणूस, एक पाय जरा तिरका छापलेला. स्टूल घेतलं, मागे बघितलं, बॅच तीच. टेस्टचं बटण दाबलं. लागली. सोडलं, परत दाबलं, दाबून धरलं, अर्ध्या मिनिटात गुल. मग कोकणातल्या एका नगरपालिकेच्या हॉलमध्ये, तीच बॅच, अकरापैकी सात मेलेल्या. आणि मग मेहुण्याला बघायला एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो, रात्रीचे अकरा, जिन्यात वर बघतो तर तोच तिरका पाय. बायको म्हणाली आता तिथे पण स्टूल मागू नका. नाही मागितलं. पण हात पोचत होता म्हणून बटण दाबलं. काही नाही.

दवाखान्यात ते बघून मला जे वाटलं ते नाट्यगृहात वाटलं नव्हतं. आपल्याकडे भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय होऊन गेलंय, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्री नवजात बाळांच्या कक्षात आग, दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग, अकरा माणसं. तिथे या पाट्यांमुळे झालं असं मी म्हणत नाहीये, तसं म्हणायचा मला काही अधिकार नाही. पण त्यानंतर सगळ्या दवाखान्यांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले होते ना? मग त्या जिन्यातल्या दिव्याकडे ऑडिटवाल्यानं मान वर करून बघितलं असेल तर काय बघितलं असेल? मोहरीएवढा हिरवा ठिपका.

कायदा नाही असं नाही. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, त्यात इमारतीचा मालक किंवा वापरणारा जबाबदार धरलाय, आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसनवाल्या एजन्सीचं सर्टिफिकेट द्यायचं की सगळी यंत्रणा चालू स्थितीत आहे. त्याला सगळे फॉर्म बी म्हणतात. आणि नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये लिहिलंय की इमारत कितीही छोटी असो, इमर्जन्सी लाईट कमीत कमी दीड तास टिकली पाहिजे. दीड तास! माझ्यासमोर चार मिनिटं टिकली नाही. आणि त्या थिएटरच्या ऑफिसात फॉर्म बी होता, मी स्वतः बघितला, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, शिक्क्यासकट, घटनेच्या महिन्याभर आधीचा. व्यवस्थापक मला तो दाखवताना रागावलेले नव्हते, उलट केविलवाणे झाले होते. म्हणाले, "आमच्याकडून सगळं क्लिअर आहे हो." त्यांच्या कागदावर सगळं क्लिअरच होतं.

फॉर्मवर "इमर्जन्सी लाईट: ओके" असं लिहिलेलं असतं. कुठली लाईट, किती लाईटी, कुठल्या कंपनीच्या, कुठल्या बॅचच्या, किती मिनिटं चालल्या, हे मी बघितलेल्या कागदावर कुठेच नव्हतं. मग एकीकडची खराब बॅच दुसरीकडे कशी कळणार? हे म्हणजे डॉक्टरनं केसपेपरवर "माणूस: ठीक" लिहून सोडून द्यायचं.

आता हे दिवे बदलले का जात नाहीत तेही सांगतो, कारण तुम्ही म्हणाल खराब आहेत तर व्यवस्थापकांनी काढून टाकावेत. तुम्हालाच माहितीय, साहेब, ते किती सोपं आहे. दिवा टेंडरमधून आलेला, एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी भाव भरणाऱ्याला, गेलेलं काम. एका वर्षाचा डीएलपी, म्हणजे दोष निघाला तर ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत, तो संपल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही. दिवा डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायमच्या सामानाच्या नोंदवहीत, चढवलेला. आता तो मेला तरी भिंतीवरून काढला तर हिशोबात कमी येणार, म्हणून निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून नाव कमी करणं, झाल्याशिवाय काढायचा नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा तर वीस-पंचवीस वस्तू जमल्यावर एकदम करायचा, एका पाटीसाठी कोण फाईल हलवणार. एका ठिकाणी तर मला एका क्लार्कनं सांगितलं की दिवा बंद आहे असं लेखी दिलं तर चालू आहे असं आधी कुणी लिहून दिलं होतं त्याची चौकशी लागेल, म्हणून लेखी नको. हे तो हसत सांगत होता, पण खोटं सांगत नव्हता. म्हणून मेलेला दिवा भिंतीवर सुरक्षित. त्याला कुणी हात लावत नाही.

रिकॉलचं म्हणाल तर ही कल्पना आपल्याला नवीन आहे अशातला भाग नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून खराब गाड्या परत बोलवायचे नियम लागू झाले, माझ्या साडूला कंपनीचा मेसेज आला होता, फुकटात पार्ट बदलून दिला, चहा पण पाजला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, त्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक माल परत बोलवायला लावायचा अधिकार आहे आणि त्यांनी तो वापरलाय. २०२२ मध्ये नियमात न बसणारे प्रेशर कुकर विकले म्हणून एका मोठ्या ऑनलाइन कंपनीला आदेश निघाला होता की ज्यांनी ज्यांनी घेतले त्या सगळ्यांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या. २,२६५ कुकर होते. मोजून. बीआयएसच्या २०१६ च्या कायद्यात पण अशी तरतूद आहे. म्हणजे कुकरची शिटी उडाली तर देशात यंत्रणा हलते, कारण कुकरचं गिऱ्हाईक घरात बसलेलं असतं, ते ओरडतं. नाट्यगृहातल्या पाटीचं गिऱ्हाईक कोण? कागदावर महापालिका. खरं गिऱ्हाईक बाल्कनीत बसलेली ती आजी, आणि तिच्याकडे ना बिल आहे ना वॉरंटी कार्ड.

एक गोष्ट कबूल करायचीय, नाहीतर हे पत्र म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ होईल. आम्ही नाटकवाले या पाट्यांचे वैरी आहोत. पूर्ण काळोख पाहिजे असतो, रहस्यनाटकात खून होतो तेव्हा बाजूला हिरवा उजेड पडला की दिग्दर्शकाचा पारा चढतो, आणि मग लाईटवाल्याला सांगितलं जातं "ते झाक रे." मी झाकलंय. काळी चिकटपट्टी, कधी पुठ्ठा, एकदा तर प्रेक्षक आत यायच्या आधी पाटीची वायरच काढून ठेवली होती आणि प्रयोग संपल्यावर जोडायची विसरलो, पुढच्या गावी गेल्यावर आठवलं. त्या रविवारच्या पाच काळ्या पाट्यांपैकी एकीवर चिकटपट्टीचा चिकट चौकोन होता, आमची नव्हती, आमच्या आधी कुणीतरी लावलेली, पण आमच्यातल्याच कुणाचीतरी. त्या दिवसापासून मी टेप लावत नाही. दिग्दर्शकाला सांगतो की प्रेक्षकांना दोन मिनिटांत त्या हिरव्याची सवय होते, खून बघतातच ते.

आणि हिरवाच का, तर काळोखात डोळा हिरवट उजेडाला सगळ्यात जास्त जागा असतो, आम्ही चांदणं करताना हीच गंमत वापरतो. तो धावणारा माणूस जपानमधून आलाय, १९७० च्या दशकात तिथे डिपार्टमेंट स्टोअरला मोठमोठ्या आगी लागल्या, १९७२ साली ओसाकाच्या एका स्टोअरमध्ये ११८ माणसं गेली, त्यानंतर त्यांनी स्पर्धा घेऊन, धुरातून बघून बघून ते चित्र ठरवलं, युकिओ ओता नावाच्या डिझायनरनं ते घडवलं. एवढ्या मेहनतीनं काढलेला माणूस आपण मेलेल्या सेलवर धावायला लावतो.

काही जण म्हणतात की आता प्रत्येकाच्या हातात टॉर्च आहे, या पाट्यांची गरज काय. मोबाइलचा टॉर्च तुमच्या पायापुढचं दाखवतो, दरवाजा कुठे आहे ते नाही दाखवत. धुरात तर तो उजेड पांढरा होऊन तुमच्याच डोळ्यांवर परत येतो, स्टेजवर फॉग मशीन लावून समोरून स्पॉट मारला की काय होतं ते रोज बघतो मी. शिवाय एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात नातू, कठडा कशानं धरणार?

दिल्लीचं उपहार सिनेमागृह आठवतंय? १३ जून १९९७. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग, धूर वर चढला, वीज गेली, बाल्कनीत काळोख, आणीबाणीचे दिवे नाहीत, जादा खुर्च्या बसवून वाट अडवलेली. ५९ माणसं. बहुतेक गुदमरून. त्याच्याही कितीतरी आधी, ३० डिसेंबर १९०३, शिकागोचं इरोक्वाय थिएटर, बुधवारची मॅटिनी, नाताळच्या सुट्टीतली पोरं-बाळं, आणि आग लागली ती स्टेजच्या आर्क लाईटमधून पडद्याला, म्हणजे माझ्याच खात्यातून. दरवाज्यांवर पाट्या नव्हत्या, बरेच दरवाजे शोभेच्या पडद्यांआड. सहाशेच्या वर गेले. हे मला माझ्या उस्तादांनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं, डिमरला हात लावू द्यायच्या आधी. आपल्याकडे ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, शाहू महाराजांनी बांधलेलं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही सगळे रडलो त्या रात्री, टेम्पोवाला सुद्धा. आत प्रयोग चालू नव्हता म्हणून फक्त वास्तूसाठी रडलो.

तर काय करावं असं मला वाटतं, मी काही इंजिनिअर नाही, पण वीस वर्षं वायरी ओढल्यात.

पहिलं म्हणजे टेस्टचं बटण दाबून "ओके" लिहिणं बंद करा. दोन सेकंद तर मेलेला सेल पण दिवा लावून दाखवतो. मेन पाडा आणि घड्याळ लावा. दीड तास बसा तिथे. प्रत्येक दरवाज्यावरची पाटी किती मिनिटांनी विझली ते लिहा. सोमवारी थिएटर रिकामंच असतं, चहा घेऊन बसायला किती मजा येते काळोखात, मी येतो सोबतीला. आणि मेन पाडायच्या आधी आदले दोन दिवस सप्लाय चालू ठेवा, नाहीतर दिव्याला फसवून नापास केलं असं ठेकेदार म्हणेल.

मग फॉर्म बी सोबत यादी जोडायला लावा. दरवाजा, मॉडेल, बॅच, मिनिटं. एक पान जास्तीचं. ही सगळी पानं संचालनालयात एका ठिकाणी आली की एखादी बॅच पाच गावांत नापास होतेय हे कुणालाही दिसेल, त्याला कॉम्प्युटर पण नको, कागदावर पेन्सिलनं खुणा केल्या तरी कळेल. एकदा कळलं की नाव जाहीर करा. कंपनीचं, मॉडेलचं, बॅचचं. ज्या ज्या इमारतीत ती बॅच आहे त्या सगळ्यांना एकाच दिवशी पत्र, आणि पुरवठादाराला नोटीस की सगळे दिवे स्वखर्चानं काढून चालू दिवे लावून द्या, डीएलपी संपला असला तरी, कारण दिवा जुना होऊन मेलेला नाही, तो जन्मतःच तसा होता. तो ऐकत नसेल तर बीआयएसकडे पाठवा, ग्राहक प्राधिकरणाकडे पाठवा, तुमच्या लेटरहेडवरच्या पत्राला जी किंमत आहे ती माझ्या ईमेलला नाही. मी केला होता ईमेल. पोच आली, एवढंच.

निर्लेखनाचं काहीतरी करा, हात जोडतो. जीव वाचवायच्या वस्तूला डेडस्टॉकचे तेच नियम लावू नका जे मोडक्या खुर्चीला लावता. नापास झालेला दिवा त्याच दिवशी उतरला पाहिजे आणि कागद मागाहून झाले तरी चालतील असं एक परिपत्रक काढा. उतरवलेले फुगलेले सेल गोणीत भरून भंगारात देऊ नका मात्र, ते तिथे जाऊन पेटतात. आणि नवीन दिवे लावताना त्यांना वेगळी लाईन द्या जी वॉचमनच्या हाताला लागणार नाही, मेनच्या आधीच घेतलेली, त्यावर लाल अक्षरांत लिहून ठेवा की हे पाडायचं नाही. वॉचमनला रागावू नका, त्याला बिल वाचवायला तुम्हीच सांगितलंय.

हे सगळं व्हायला वेळ लागणार, वर्ष लागेल, आचारसंहिता मध्ये येईल. तोवर निदान प्रत्येक डोअरकीपरच्या हातात एक चांगला टॉर्च द्या आणि तिसऱ्या घंटेआधी त्यानं आपल्या दरवाज्याची कडी उघडी आहे का बघायची एवढं बंधनकारक करा. आमच्या नाटकाच्या सूचनेत, मोबाइल बंद ठेवा म्हणतो तिथेच, बाहेर जायचे दरवाजे कुठे आहेत हे आम्ही गेल्या दिवाळीपासून सांगायला लागलोय. सुरुवातीला लोक हसले. आता मागे वळून बघतात, आणि ज्या दिशेला सांगतो तिकडची पाटी बंद असली की कुणीतरी ओरडून सांगतं, "ओ, इथली लागलेली नाही." व्यवस्थापक खजील होतात. मध्यंतरात वायरमनला बोलावतात. म्हणजे उपयोग होतोय.

त्या आजींचं मनगट जुळलंय. त्यांच्या मुलानं थिएटरवर केस केली नाही, म्हणाला कुठे मागे लागायचं, आणि त्या तर पुढच्याच महिन्यात आमच्या दुसऱ्या नाटकाला आल्या होत्या, यावेळी खाली, पहिल्या रांगेच्या कडेला, दरवाज्याजवळ. तिकीट काढताना खिडकीवर त्यांनी स्वतःच सांगून घेतलं म्हणे.

चार ठिकाणच्या पाट्यांचं मॉडेल आणि दरवाज्यांचे आकडे माझ्या प्रयोगांच्या डायरीत लिहिलेत, दवाखाना सोडून बाकी तिन्ही ठिकाणचे बॅच नंबर आणि स्टिकरचे फोटो आहेत. कुणाकडे द्यायचे तेवढं सांगा. सोमवारी सुट्टी असते, मी घेऊन येतो.

आपला,
एक लाईटवाला